मातेचे मरण आणि न्यायासन

बाळंतपणात स्त्री दगावली की आपण दैवाला बोल लावतो. युगांडा या गरीब देशातील दोन मृत मातांच्या आप्तांनी मात्र एका संस्थेसह २०११ साली सरकारवरच दावा लावला. संविधान न्यायालयाने २०१२ मध्ये, हा राजकीय प्रश्न आहे, असे म्हणून हात झटकले. (आम्हा वकिलांना ही पळवाट अपरिचित नाही!) २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुनावणी करावयास लावली आणि २०२० मध्ये निर्णय झाला : मातांना मूलभूत वैद्यकीय सेवा न पुरविणे हा जीविताच्या हक्काचा भंग होय, सरकारने दोन्ही कुटुंबांना भरपाई द्यावी. प्रसूत कामकरी स्त्रीचा भार सरकारनेही वाहिला पाहिजे, असे पूज्य बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात १९२८ सालीच बजावले होते.