घरपट्टीचे बिल : ते वाचावे कसे आणि का

घर विकत घेताना मनुष्य दहा वेळा विचार करतो. भिंतीस ओल आहे काय, नळास पाणी किती वेळ येते, स्टेशन किती मिनिटांच्या वाटेवर आहे, ह्या सर्व गोष्टी तो निरखून पाहतो. परंतु घर झाल्यावर महानगरपालिकेकडून जो कागद त्याच्या दारी येतो, तो मात्र तो बहुधा शेवटची ओळ सोडून वाचत नाही. अंधेरी असो की बोरिवली, मुलुंड असो की घाटकोपर, सोसायटीचा चिटणीस जो आकडा सांगेल तो मुकाट्याने भरावा, अशीच रीत पडून गेली आहे. घरपट्टी म्हणजे पावसासारखी आकाशातून पडणारी गोष्ट, तिचा हिशेब विचारणे व्यर्थ, अशी समजूत ह्या रीतीच्या मुळाशी आहे. ती समजूत चुकीची आहे. घरपट्टी हा एक गुणाकार आहे. आणि ज्याला गुणाकार येतो त्याला तो पडताळून पाहता येतो.

मुंबईत कर आणि नागरिकत्व ह्यांचे नाते फार जुने आहे. १८७२ च्या कायद्याने शहरासाठी ६४ सभासदांची महापालिका स्थापन झाली, आणि त्यांपैकी निम्मे सभासद करदात्यांनी निवडून द्यावयाचे असे ठरले. त्यापूर्वीच्या काळात शहराच्या खर्चाविषयी करदात्यांत मोठा असंतोष माजला होता, आणि त्या असंतोषातूनच हा हक्क निपजला. पुढे १८८८ मध्ये मुंबई महापालिकेचा कायदा झाला. त्याच्या घडणीत सर फिरोजशहा मेहता ह्यांचा वाटा मोठा होता. तोच कायदा अनेक दुरुस्त्यांसह आजही घरपट्टीचा आधार आहे. त्या काळी कराची पावती हीच मताची सनद होती. १९४८ मध्ये प्रौढ मतदानाने महापालिकेची निवडणूक झाली, आणि मताचा हक्क पावतीपासून मोकळा झाला, हे योग्यच झाले. परंतु त्याबरोबर पावती वाचण्याची सवयही सुटली.

उपनगरे ह्या कायद्याखाली पुढे आली. १९५० मध्ये महापालिकेची हद्द पश्चिमेस जोगेश्वरीपर्यंत व पूर्वेस भांडुपपर्यंत वाढली, आणि १९५७ मध्ये ती दहिसर व मुलुंड येथवर गेली. तेथून पुढे उपनगरांतील घरमालकांच्या एका जुन्या तक्रारीस आरंभ झाला. त्या वेळी घरपट्टी घराच्या भाड्यावरून ठरत असे. घर भाड्याने दिले असता वर्षाकाठी जे वाजवी भाडे येईल, त्यातून दुरुस्तीसाठी १० टक्के वजा करून उरलेल्या रकमेवर कर बसे. ह्या रकमेस करयोग्य मूल्य म्हणत. पण १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने शहरातील जुन्या घरांची भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली होती. त्यामुळे दक्षिण मुंबईतील जुन्या इमारतीतील प्रशस्त घरास अल्प कर, आणि नव्याने बांधलेल्या उपनगरातील दोन खोल्यांस जास्त कर, असा विपरीत प्रकार दीर्घकाळ चालू राहिला. कर सारखाच, दरही सारखाच. परंतु ज्या पायावर तो मोजावयाचा, तो पायाच एकीकडे गोठलेला आणि दुसरीकडे वाढता होता.

हा दोष काढण्यासाठी १ एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्याची पद्धत आली. हिच्यात भाड्याचा विचार नाही. मुद्रांकशुल्कासाठी सरकार दरवर्षी जमिनीचे व इमारतींचे जे दरपत्रक प्रसिद्ध करते, ज्यास लोक रेडी रेकनर म्हणतात, त्यातील दर हा पहिला आकडा. घराचे क्षेत्रफळ हा दुसरा. मग वापर कोणता, म्हणजे राहण्याचे घर, दुकान की कचेरी. बांधकाम कोणत्या प्रकारचे. इमारतीचे वय किती. आणि घर कोणत्या मजल्यावर. ह्या प्रत्येकासाठी एकेक भारांक ठरलेला आहे. ह्या सर्वांचा गुणाकार म्हणजे भांडवली मूल्य. त्यावर कराचा दर लावला की घरपट्टी निघते.

उदाहरणाने हे स्पष्ट होईल. आकडे मात्र केवळ समजुतीसाठी घेतलेले आहेत. समजा, मुलुंडमधील एका घराचे क्षेत्रफळ ६० चौरस मीटर आहे, दर चौरस मीटरला दीड लाख रुपये आहे, आणि सर्व भारांकांचा गुणाकार अर्धा येतो. तर भांडवली मूल्य ४५ लाख रुपये झाले. कराचा दर हजारी तीन रुपये धरला, तर वर्षाची घरपट्टी १३,५०० रुपये होते. आता कारकुनाच्या हातून ६० च्या जागी ६६ लिहिले गेले, तर तीच घरपट्टी १४,८५० रुपये होईल. एका अंकाच्या चुकीने वर्षाला १,३५० रुपये जादा, आणि कोणी विचारले नाही तर ते दरवर्षी! म्हणून बिल हाती येताच तीन गोष्टी प्रथम पाहाव्यात : क्षेत्रफळ, वापर आणि इमारतीचे वर्ष. ह्या तिन्ही गोष्टी घराच्या मालकास कोणत्याही अंमलदारापेक्षा अधिक ठाऊक असतात.

क्षेत्रफळाचे महत्त्व लहान घराच्या बाबतीत तर फारच आहे. १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंत, म्हणजे ४६.४५ चौरस मीटरपर्यंत चटईक्षेत्र असलेल्या निवासी घरांना महापालिकेची घरपट्टी माफ झाली आहे. ह्या रेषेच्या अलीकडे शून्य आणि पलीकडे पूर्ण कर. तेव्हा ज्याचे घर ह्या रेषेजवळ आहे, त्याने करारनाम्यातील चटईक्षेत्र व बिलातील आकडा हे एकमेकांशी ताडून पाहिलेच पाहिजेत.

बिलातील कलमांविषयीही बराच गोंधळ असतो. घरपट्टी हा एक कर नसून अनेक करांची मोळी आहे. सर्वसाधारण कर, जललाभ कर, मलनिःसारण लाभ कर, शिक्षण उपकर, पथकर, वृक्ष उपकर, अशी तिची कलमे आहेत; आणि राज्य सरकारचा शिक्षण उपकरही महापालिकाच वसूल करून देते. पुष्कळांची तक्रार असते की पाण्याचे बिल निराळे भरूनही येथे पुन्हा पाण्याचा कर का? ह्याचे उत्तर असे : जेथे मीटर आहे तेथे पाण्याचे मोल मापाने घेतले जाते, म्हणून जल कर घेतला जात नाही. जललाभ कर हा वापरलेल्या पाण्याबद्दल नसून, पाणी घरापर्यंत आणण्याची जी व्यवस्था शहराने उभारली, तिच्याबद्दल आहे. तेव्हा मीटर असूनही बिलात जल कर दिसला, तर विचारणे प्राप्त आहे. जललाभ कर दिसला, तर तो बरोबरच आहे.

विचारल्याने खरोखर काही निष्पन्न होते काय, अशी शंका येणे साहजिक आहे. तिला न्यायालयानेच उत्तर दिले आहे. भांडवली मूल्याच्या नियमांपैकी काही नियमांस मुंबईतील मालमत्ताधारकांनी आव्हान दिले. जमिनीवर पुढे किती बांधता येईल, ह्या शक्यतेची किंमत आजच धरून त्यावर कर बसवावा काय, हा त्यातील मुख्य प्रश्न होता. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे नियम रद्द ठरविले, आणि ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. मालमत्ता आज जशी आहे तशीच मोजावी, उद्या जशी होऊ शकेल तशी नव्हे. तसेच नंतर केलेले नियम मागील वर्षांस लावू नयेत, हे त्याचे सार होय.

अर्थात प्रत्येकाने दिल्लीपर्यंत जावयाचे नाही. घराचे मूल्य प्रथमच ठरले किंवा वाढविले गेले, तर महापालिका नोटीस देते. नोटिशीत जी मुदत लिहिलेली असते, तिच्या आत लेखी तक्रार करावी. ती मुदत टळली की रास्त तक्रारही दुबळी होते. तक्रारीचा निकाल मान्य नसेल, तर लघुवाद न्यायालयात अपील करता येते. मात्र अपिलासाठी मागणीची रक्कम आधी भरावी लागते. भांडावयाचे ते भरून भांडावे, असा हा कायद्याचा रोख आहे. आणि तो व्यवहार्यही आहे, कारण थकलेल्या करावर दरमहा २ टक्के दंड चढत जातो व त्याचा बोजा घरावरच बसतो.

ह्यातूनच आणखी दोन सावधगिरीच्या गोष्टी निघतात. घर विकत घेणाऱ्याने मागील भरणा केल्याची पावती पाहिल्यावाचून व्यवहार पुरा करू नये. आणि व्यवहार झाल्यावर तीन महिन्यांच्या आत हस्तांतराची सूचना महापालिकेस द्यावी. ज्या सोसायटीस सर्व इमारतीचे एकच बिल येते, तेथे प्रत्येक घराचा वाटा महापालिकेच्या आकारणीप्रमाणे पडला आहे की सरसकट समान वाटला आहे, हेही सभासदांनी पाहावे. लहान घराच्या वाट्यास मोठ्या घराचा भार, किंवा राहत्या घराच्या वाट्यास खालच्या दुकानाचा भार, हा अन्याय पुष्कळदा महापालिकेच्या कचेरीत नव्हे, तर सोसायटीच्या वहीतच घडतो.

एक कठीण प्रश्न तरीही उरतो. ज्याने चाळीस वर्षांपूर्वी अंधेरीस घर घेतले आणि जो आज निवृत्तिवेतनावर राहतो, त्याच्या घराची किंमत वाढली म्हणून त्याच्या खिशात अधिक पैसा आला असे नाही. घर विकल्यावाचून ती वाढ त्याच्या हाती पडत नाही. कायद्याने ही अडचण काही अंशी ओळखली आहे : नवी पद्धत सुरू होताना निवासी घराची घरपट्टी पूर्वीच्या दुपटीहून अधिक होऊ नये, आणि पुढील फेरआकारणीत वाढ ४० टक्क्यांच्या पुढे जाऊ नये, अशी मर्यादा त्यात घातली गेली. परंतु प्रश्न पुरता सुटलेला नाही. २०१७ मध्ये जकात बंद झाल्यापासून महापालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नात घरपट्टीचे महत्त्व वाढलेच आहे. तेव्हा कोणी किती भार उचलावा, ही चर्चा पुढेही होत राहणार.

त्या चर्चेत ज्यास बोलावयाचे आहे, त्यास प्रथम आपले बिल वाचता आले पाहिजे. रस्त्यावरचा दिवा, पावसाळ्यात वाहणारे गटार, महापालिकेची शाळा व तिचे रुग्णालय ही सर्व ह्याच पैशावर उभी आहेत. जो घरमालक वेळेवर भरतो आणि भरताना हिशेबही पाहतो, त्याच्याच तोंडी ‘आमच्या पैशाचे काय केले?’ हा प्रश्न शोभतो, आणि तोच प्रश्न कचेरीतही ऐकला जातो.