सुखाच्या हिशेबात आपलं नाव

मी मानखुर्दहून बोलतेय, बचत गटांचं काम करते. गटाच्या बैठकीत "तुझं सुख कशात?" असं विचारलं, की बायका सांगतात, पोराला नोकरी लागावी, लेक सुखानं नांदावी. स्वतःसाठी काय हवं, ते चटकन कुणी सांगत नाही.

प्रश्न फार जुना आहे. सुमारे २३०० वर्षांपूर्वी ग्रीस देशात ॲरिस्टॉटल नावाचे मोठे विचारवंत होऊन गेले. त्यांचं म्हणणं असं, की माणूस पैसा मिळवतो तो कशासाठी तरी. सुख मात्र सुखासाठीच हवं असतं. म्हणून तेच आयुष्याचं अखेरचं ध्येय. आणि सुख म्हणजे घटकाभराची मौज नव्हे. आपले गुण वापरत, चांगलं वागत जगलेलं अख्खं आयुष्य म्हणजे सुख. त्याला थोडा पैसा लागतो, मैत्री लागते, निवांत वेळही लागतो.

विचार पटण्यासारखा आहे. पण बाईनं पुरुषाच्या हुकमात राहावं, हेही त्यांचंच मत. पुरुषाला निवांत वेळ मिळायचा, कारण घरातलं काम बायका आणि गुलाम करायचे!

आपल्याकडच्या बायकांनी मात्र आपलं सुख स्वतःच्या तोंडानं सांगितलंय. 'थेरीगाथा' हा बौद्ध भिक्खुणींच्या रचनांचा पाली भाषेतला प्राचीन संग्रह आहे. त्यात मुत्ता नावाची थेरी आपण सुटलो म्हणून आनंद करते. कशातून सुटली? उखळ, मुसळ आणि नवऱ्याच्या जाचातून. त्याही पुढे, जन्ममरणाच्या फेऱ्यातून. आमच्या मुंबई उपनगरात बोरिवलीजवळ कान्हेरीची लेणी आहेत. तिथल्या ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्या भिक्खुणींची आणि संसारी बायकांचीही नावं कोरलेली आहेत. आपल्या हातानं दिलं आणि आपल्या नावानं लिहिलं, यातही सुख आहेच ना?

याचा अर्थ घर सोडा असा नाही. पण उखळाच्या जागी मिक्सर आला, तरी सुटका झाली का? पहाटेपासून पाणी, स्वयंपाक, मजुरी, पुन्हा स्वयंपाक. यात आपल्या वाट्याचा वेळ कुठला?

म्हणून पुढच्या बैठकीत बचत आणि हप्ते झाले, की एक फेरी घ्या. प्रत्येकीनं सांगायचं, या आठवड्यात स्वतःसाठी किती वेळ मिळाला आणि त्यात काय केलं. मुलांचं नाव घ्यायचं नाही! जिला काहीच सांगता येणार नाही, तिचं कोणतं काम घरात कोण वाटून घेईल, ते सगळ्या मिळून ठरवा. कर्ज फेडायला गट एकमेकींच्या पाठीशी उभा राहतो, मग यालाही राहू दे.