तक्रारीवर चिठ्ठी कोण लावणार?

जयपूरहून बोलतोय. आजचा विषय आहे गिटहबवरच्या तक्रारींना लेबलं लावण्याचा, आणि तेही माउसने एकेक नाही, तर काळ्या पडद्यावर कमांड लिहून. कमांड या शब्दाशी माझं जुनं नातं, त्यामुळे निवृत्तीनंतर हे काम मला लगेच मानवलं. ज्यांनी आयुष्यात कोड लिहिलेला नाही त्यांनीही थांबावं, कारण यात आपल्या मराठी अक्षरांचा प्रश्न आहे.

इथल्या पाट्या वाचताना ल आणि श यांचं वळण वेगळं दिसतं, हे महाराष्ट्रातून आलेल्या माणसाच्या लगेच लक्षात येतं. राजस्थानात हिंदी वळण असणारच, तक्रार नाही. पण मराठी पुस्तक फोनवर उघडलं आणि तिथेही तोच ल आला तर? काही फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात. मजकूर मराठी आहे हे प्रोग्रामने फॉन्टला सांगितलं तर मराठी रूप उमटतं, नाहीतर हिंदी. अर्ध्या र चं मात्र तसं नाही, तो कसा टाइप केला यावर ठरतो. घरी आचार्यांना बोलावलंय की आचाऱ्यांना, यात बराच फरक पडतो!

मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता, गूगलचा नोटो, असे मुक्त फॉन्ट गिटहबवर आहेत. दोष दिसला तर कुणालाही तिथे ‘इश्यू’ नोंदवता येतो. नव्या प्रकल्पाला गिटहब नऊ लेबलं आपणहून देतं. बग, क्वेश्चन, डुप्लिकेट, इनव्हॅलिड, वोन्टफिक्स वगैरे. आता समजा, ‘मराठी ल चुकीचा दिसतो’ ही तक्रार मराठी न जाणणाऱ्या माणसाच्या हाती पडली. त्याला दोन्ही ल सारखेच. तो इनव्हॅलिड लावून मोकळा होईल, किंवा काहीच लावणार नाही. बिनलेबलाची तक्रार शेकडो तक्रारींच्या तळाशी जाते आणि ती नाकारली गेली हेसुद्धा कुणाला कळत नाही.

या छाननीला सॉफ्टवेअरवाले ‘ट्रायाज’ म्हणतात. शब्द त्यांनी युद्धभूमीवरच्या रुग्णालयातून उचललाय. नेपोलियनच्या सैन्यातला सर्जन डॉमिनिक लारे जखमींवर उपचार करताना हुद्दा पाहत नसे, जखम किती गंभीर आहे ते पाहत असे.

आता साधनाकडे. गिटहबचं स्वतःचं कमांड लाइन साधन आहे, नाव ‘जीएच’. त्याची पहिली पक्की आवृत्ती 2020 मध्ये आली. ‘जीएच लेबल क्रिएट’ लिहायचं, पुढे लेबलाचं नाव, रंग आणि वर्णन. रंगापेक्षा वर्णनाला जपा. ‘मराठी-रूप’ एवढ्याच नावाने सहा महिन्यांनी आलेल्या माणसाला काही कळत नाही. ‘मराठीत ल, श किंवा अर्धा र चुकीचा उमटतो’ असं लिहिलं की कळतं. एका प्रकल्पातली लेबलं दुसऱ्यात न्यायची तर ‘जीएच लेबल क्लोन’. आधीपासून असलेल्या त्याच नावाच्या लेबलांना ती हात लावत नाही, तुम्ही मुद्दाम ‘फोर्स’ म्हटलं तरच लावते. ‘जीएच लेबल डिलीट’ मात्र जपून. लेबल गेलं की ते जिथे जिथे लावलेलं होतं तिथून सगळीकडून जातं. नाव आवडत नसेल तर ‘एडिट’ने बदला, तक्रारींवरची चिठ्ठी जागेवर राहते.

खरी गंमत यानंतर आहे. लेबल नसलेल्या तक्रारींची यादी काढायची, मजकुरात ठरावीक शब्द शोधायचे आणि ‘जीएच इश्यू एडिट’ने लेबल चिकटवायचं. एवढं करणारी दहा-पंधरा ओळींची स्क्रिप्ट दररोज पहाटे आपोआप चालवता येते. पण शोधायचे शब्द कोण ठरवणार? ‘ग्लिफ’, ‘लिगेचर’, ‘रेंडरिंग’ हे शब्द त्यात असतात. साताऱ्याची शिक्षिका किंवा इंदूरचा मराठी दुकानदार असं लिहीत नाही. ते लिहितात, ‘रफार सरकलाय’, ‘वेलांटी तुटते’, ‘जोडाक्षर फुटतं’. हे शब्द यादीत नसतील तर स्क्रिप्ट त्यांच्या तक्रारीवरून तशीच पुढे जाईल. म्हणून यादीत काना, मात्रा, वेलांटी, रफार, जोडाक्षर, अर्धा र हे सगळं घाला, आणि लोक रोमन लिपीत टाइप करतात तेही घाला.

आणि एक बंधन माझ्या मते हवंच. स्क्रिप्टने चिठ्ठी लावावी, निकाल देऊ नये. ‘मराठी-रूप’, ‘तपासायचं आहे’ ही लेबलं यंत्राला द्या. इनव्हॅलिड आणि वोन्टफिक्स माणसाच्याच हातात ठेवा, म्हणजे जाब कुणाला विचारायचा ते माहीत असतं.

तुमच्या फोनवर ल किंवा श हिंदी वळणाचा दिसला तर इश्यू नोंदवताना फोन, ॲप आणि फॉन्टचं नाव लिहा. स्क्रीनशॉट जोडा, पण बिघडलेला शब्द खाली टाइपही करा. चित्रातला शब्द आपल्या या छोट्या स्क्रिप्टला वाचता येत नाही.