आत्मप्रौढी आणि स्वाभिमान



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. मानसशास्त्र आम्ही कोणत्या महाविद्यालयात शिकलो नाही. दिवसा गेटसभेत माणसे पाहिली आणि रात्री जमतील तेवढी पुस्तके वाचली. त्या शिदोरीवर एक प्रश्न आपल्यापुढे ठेवतो. मोबाइलवरच्या गटांत माणूस स्वतःला एवढा मोठा म्हणवून घेतो, तरी साध्या शब्दाने तो इतका दुखावतो का?

स्वतःच्या प्रतिबिंबावर भुललेल्या नार्सिससची ग्रीक कथा आपण ऐकली असेल. फ्रॉइडने १९१४ साली आत्मप्रेमावर निबंध लिहिला, तेव्हा त्याला नाव त्या कथेतलेच दिले. पुष्कळांना वाटते की आत्मप्रौढी म्हणजे वाजवीपेक्षा वाढलेला स्वाभिमान. तसे नाही. अमेरिकेत बुशमन आणि बाउमायस्टर यांनी १९९८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या लेखनावर कडक टीका केली आणि मग टीकाकाराला कर्कश आवाज ऐकवण्याची मुभा त्यांना दिली. ज्यांना आत्मप्रौढीची खोड होती, त्यांनी आवाज अधिक चढवला. नुसता स्वाभिमान असलेल्यांचे तसे आढळले नाही.

या दोहोंची मुळेही निराळी. हॉलंडमधल्या मुलांची पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. 'तू इतरांपेक्षा श्रेष्ठ' असे मानणाऱ्या आईबापांच्या मुलांत पुढे आत्मप्रौढी वाढली. ज्यांना घरात माया मिळाली, त्यांच्यात स्वाभिमान वाढला. एकाला उभे राहायला दुसऱ्याची पाठ लागते, दुसऱ्याला आपले पाय पुरतात.

आता आमचीच गोष्ट. संघटनेच्या सभासदांचा आम्ही मोबाइलवर गट केला. प्रत्येक निवेदनाचा, प्रत्येक हाराचा फोटो त्यावर टाकू लागलो. अंगठे मोजण्याची आम्हालाही गोडी लागली. एकदा एका जुन्या सभासदाने तिथेच विचारले, "फोटो झाले, ओव्हरटाइमच्या थकबाकीचं काय?" प्रश्न रास्त होता, पण आम्हाला मिरच्या झोंबल्या. आम्ही टोचून उत्तर दिले. पाठोपाठ बाकीचे त्याच्यावर तुटून पडले आणि आम्हाला अंगठ्यांची रास मिळाली. तो गटातून निघून गेला. पुढच्या गेटसभेला माणसे बोटांवर मोजण्याइतकी आली. तो त्यांत नव्हता.

शेवटी आम्ही त्याच्या घरी गेलो. चहा पुढे ठेवून तो म्हणाला, "अण्णा, मला भांडायचं नव्हतं. यादीत माझं नाव आहे का, एवढंच बघायचं होतं." आम्ही यादी काढली. त्याचे नाव खरोखरच सुटले होते.

जे एका माणसाचे, तेच जमावाचे. २०२३ सालच्या ७ जूनला आपले कोल्हापूर काही पोरांच्या मोबाइलवरच्या 'स्टेटस'वरून पेटले. दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट बंद करावे लागले. त्याची कारणे अनेक, राजकारणही त्यात आलेच. पण 'स्टेटस' या शब्दाचा अर्थ प्रतिष्ठा, हे विसरू नये. ज्या पोराला कामावर, घरी, गावात कोणी विचारत नाही, त्याला गटाच्या प्रतिष्ठेचा आधार लागतो. डिवचणाऱ्यालाही लागतो आणि चिडणाऱ्यालाही.

ज्या गडावर आपण बसलो आहोत, तेथलीच एक हकीकत परंपरेने चालत आली आहे. १६६० साली सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज निसटले, तेव्हा पायथ्याच्या नेबापूरचा शिवा काशीद त्यांचा वेष घेऊन पालखीत बसला, पकडला गेला आणि मारला गेला. त्या रात्री आपल्याला शिवा म्हणून कोणी ओळखू नये, यातच त्याच्या कामाचे यश होते. आपली किंमत ज्याला मनातून ठाऊक आहे, त्यालाच हे जमते. ही किंमत त्याला अंगठ्यांनी सांगितलेली नव्हती. ज्यांच्याबरोबर तो राबला, त्यांच्या विश्वासाने सांगितली असणार, असे आम्ही समजतो.

पोरांना मोबाइलवरून शिव्या देऊन काही साधणार नाही. त्यांच्यावर जबाबदारीचे काम सोपवा, त्यांना नावाने हाक मारा, चूक सांगायची ती एकट्याला गाठून सांगा. आणि आपल्यापैकी जे पुढारी म्हणवतात, त्यांनी फोटो टाकण्याआधी यादी तपासावी. आम्ही ती सवय उशिरा लावून घेतली.