जोशीमठची देवळं आणि एक ओळ

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजक म्हणाले, "बद्रीनाथची यात्रा सांग." बद्रीनाथला आपल्यातले बरेच जण जाऊन आले आहेत. म्हणून मी वाटेतल्या जोशीमठबद्दलच बोलतो.

मे 2023 मध्ये आम्ही दोघं गेलो. आपण पवनीकर वैनगंगेच्या घाटावरची देवळं पाहत वाढलो, पंचमुखी गणपतीला नमस्कार करून परीक्षेला गेलो. पण सहा हजार फुटांवरच्या त्या गावात एका देवळातून दुसऱ्या देवळात जायचं म्हणजे गुडघे बोलायला लागतात. मुख्य मंदिर नरसिंहाचं. हिवाळ्यात बद्रीनाथचे दरवाजे बंद झाले, की शंकराचार्यांची गादी इथे येते. मूर्तीचं एक मनगट दिवसेंदिवस बारीक होत आहे, अशी तिथे श्रद्धा आहे. ते तुटलं की डोंगर एकमेकांना भिडतील, बद्रीनाथची वाट बंद होईल आणि दर्शन भविष्यबद्रीला होईल, असं सांगतात.

भूगोलाच्या सरांनी हिमालय कच्चा, तरुण पर्वत म्हणून शिकवला होता. जोशीमठ तर जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावरच वसलंय. तिथे जड बांधकाम आणि सुरुंग नकोत, असं मिश्रा समितीने 1976 मध्येच सांगून ठेवलं होतं. जानेवारी 2023 मध्ये आठशेहून अधिक इमारतींना तडे गेले आणि सिंहधार भागातलं एक देऊळ कोसळलं.

आम्ही गेलो तेव्हा कित्येक घरांवर लाल फुली होती. अशाच एका घराच्या ओट्यावर एक म्हातारी आजी दिवा लावत होती. "रात्री दुसरीकडे झोपते, दिव्याला इथे येते," म्हणाली. मी तिला आपल्या गोसीखुर्दची गोष्ट सांगितली. गावं उठली, लोक नव्या वस्तीत गेले. तिने एकच विचारलं, "और देवता?"

मला उत्तर देता येईना. कारण, मित्रांनो, आज पहिल्यांदाच सांगतो, आपल्याच वर्गातल्या एका मित्राच्या गावची यादी माझ्या हाताने लिहिलेली आहे. मी तेव्हा कारकून होतो. घर, गोठा, विहीर, झाडं, सगळं मोजलं. मारुतीच्या देवळापुढे लिहिलं, "मंदिर, दगडी, एक." तो शेजारी उभा होता. म्हणाला, "ओट्याचं लिही गा, माझ्या आज्यानं बांधला." रकाना नव्हता. मी नाही लिहिलं. समासात लिहिता आलं असतं. त्याने पुढे माझ्याशी बोलणं सोडलं नाही, हे त्याचं मोठेपण.

परत आल्यावर प्रसाद घेऊन त्याच्या नव्या घरी गेलो. आजीचा प्रश्न त्याला सांगितला. तो हसला. "देव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आणला ना! मांडीवर धरून बसलो होतो मी." मग थोड्या वेळाने म्हणाला, "ओटा तिथंच हाय. पाणी उतरलं की दिसते कधीकधी."

या उन्हाळ्यात पाणी उतरलं तर आम्ही दोघं डोंग्याने तिकडे जाणार आहोत. तो आज समोरच्या तिसऱ्या रांगेत बसला आहे. मी टेप घेऊन येईन. लांबी-रुंदी मोजून लिहून घेईन. सरकारी कामाला आता त्याचा उपयोग नाही, पण त्याला कागद हवा आहे.