दिवस कोणाचा खर्ची पडतो?



वेळेचे महत्त्व हा विषय निघाला की पहाटे उठावे, दिनक्रम आखावा, आळस झटकावा, अशी उपदेशाची माळ सुरू होते. तो उपदेश खोटा नाही; परंतु झरी जामणीसारख्या तालुक्यात तो करावयाचा कोणाला? येथील शेतकरी आणि शेतमजूर उजाडण्यापूर्वीच उठलेले असतात. त्यांना वेळेचे मोल शिकविण्याची गरज नाही. त्यांचा वेळ ज्यांच्या हाती पडतो, त्या कार्यालयांनी, शाळांनी आणि पंचायतींनी त्याचा हिशेब ठेवावा, एवढीच अपेक्षा आहे.

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडील हा तालुका. पैनगंगा ओलांडली की तेलंगणातील आदिलाबाद जिल्हा लागतो. कापूस हे येथील मुख्य पीक. गोंड, परधान आणि कोलाम समाजाची वस्ती मोठी आहे. राज्यात विशेष असुरक्षित मानल्या गेलेल्या तीन आदिम जमातींपैकी कोलाम ही एक होय. त्यांचे पोड बहुधा मुख्य गावापासून दूर असते. पोडावरून सडकेपर्यंत पायी, तेथून मिळेल त्या वाहनाने तालुक्याला आणि तसेच परत, असा हा प्रवास असतो.

आता एक प्रसंग कल्पावा. कार्तिक महिना आहे, बोंडे फुटली आहेत. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. जितका कापूस वेचावा तितके दाम पदरात पडते. अशा दिवसांत मुलाच्या जातीच्या दाखल्यासाठी एक बाई तालुक्याला येते. साहेब दौऱ्यावर गेले आहेत, ‘उद्या या’ असे तिला सांगण्यात येते. हे दोन शब्द उच्चारावयास क्षणही लागत नाही. पण तेवढ्याने तिचा एक दिवस गेलेला असतो, आणि उद्याचाही गहाण पडतो. दुसऱ्या फेरीत एखादा कागद कमी आहे असे कळले, तर तिसरा दिवसही त्याच वाटेने जातो. कार्यालयाच्या नोंदवहीत या तीन दिवसांचा मागमूस राहत नाही. तेथे फक्त दाखला दिल्याची तारीख उमटते आणि प्रकरण वेळेत निकाली निघाल्याचे दिसते.

कायद्याने हा हिशेब मांडण्याचा प्रयत्न केलेला आहे. बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कामातील विलंबास प्रतिबंध करणाऱ्या 2005 च्या महाराष्ट्र अधिनियमानुसार सामान्यतः कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ राहू नये. अन्य विभागाकडे पाठवावयाची नसलेली प्रकरणे 45 दिवसांत, तर पाठवावी लागणारी तीन महिन्यांत निकाली निघावीत, असेही त्यात म्हटले आहे. पुढे 2015 मध्ये महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आला. अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळणे हा त्यामुळे नागरिकाचा हक्क झाला. कोणती सेवा किती दिवसांत मिळेल आणि अपील कोणाकडे करावे, याचा फलक कार्यालयात लावणे बंधनकारक झाले. सबळ कारणाविना कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास 500 ते 5,000 रुपयांपर्यंत शास्तीची तरतूद आहे. फलक बहुतेक ठिकाणी लागलेले दिसतात. ते ज्याला वाचता येत नाहीत त्याला वाचून दाखविणारा माणूस तेवढा सर्वत्र दिसत नाही.

मात्र मुदत म्हणजे काही थांबण्याचा परवाना नव्हे. पंधरा दिवसांची मुदत असलेले काम पंधराव्या दिवशीच करावे, असा एक विचित्र शिष्टाचार काही ठिकाणी रूढ झालेला आढळतो. 29 फेब्रुवारी 2020 पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, तेव्हा रोजचे कामही वाढविण्यात आले आणि 9.45 ते 6.15 ही वेळ ठरली. दूरच्या पोडावरून आलेल्याचे काम त्याच दिवशी हातावेगळे करण्यास ही वाढीव मिनिटे पुष्कळ उपयोगी पडू शकतात.

शाळेचा हिशेब अधिक सूक्ष्म आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या 2009 च्या अधिनियमात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन ठरवून दिले आहे, म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. परिपाठ लांबला, हजेरी रेंगाळली आणि रोज केवळ दहा मिनिटे गेली, तर वर्षाअखेर 33 तासांहून अधिक वेळ गेलेला असतो. आठ दिवसांची शाळा बुडाली, आणि तीही हजेरीपटावर सर्व मुले उपस्थित असताना! ज्या मुलाच्या घरी कोलामी बोलली जाते आणि ज्याला मराठी शाळेतच शिकावयाची आहे, त्याच्या दृष्टीने हे आठ दिवस लहान नाहीत.

वेळेची कदर म्हणजे घाई, असाही एक समज आहे. तो शेतकऱ्याकडूनच दुरुस्त करून घ्यावा. मृग लागला आणि एक सर पडली की पेरणीचा मोह होतो. परंतु 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरू नये, असे कृषी विभाग सांगत असतो. पुढे पावसाने ओढ दिली तर दुबार पेरणीचे संकट येते; बियाणेही जाते आणि हंगामही मागे पडतो. थांबण्याचे दिवस कोणते आणि धावण्याचे कोणते, हे शेतीत ओळखावे लागते. पीककर्जाचे कागद मे महिन्यात मिळाले तर त्यांचा उपयोग. तेच कागद श्रावणात हाती आले तर सावकाराचे दार आधीच ठोठावून झालेले असते.

नियमाने दिलेला थोडा वेळ किती फळतो, याचे एक उदाहरण महाराष्ट्रास परिचित आहे. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी 21 फेब्रुवारी ते 19 जून या काळात दर रविवारी गीतेवर एक प्रवचन दिले. ती साने गुरुजींनी लिहून घेतली. अठरा रविवार आणि अठरा अध्याय, त्यातून ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ सिद्ध झाला. तुरुंगात वेळेला तोटा नव्हता हे खरे. पण वार आणि वेळ ठरलेली नसती तर तो वेळही तसाच वाहून गेला असता.

ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी हीच गोष्ट ग्रामसभेस लावून पाहावी. सकाळी अकराची सभा गणपूर्तीची वाट पाहत एकला सुरू होते आणि वेचणीच्या दिवसांत तर बायका फिरकतही नाहीत. मग त्यांना आस्था नाही असा शेरा मारला जातो. या तालुक्यातील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. तेथे पेसा कायद्याने ग्रामसभेला मोठे अधिकार दिले आहेत आणि म्हणूनच तिची वेळ ही किरकोळ बाब राहत नाही. कोलाम पोडात चावडी असते, दिवसाची कामे आटोपल्यावर माणसे तेथे जमतात. हंगामात सभेची तयारी त्या वेळी करता येईल. तलाठी आणि ग्रामसेवक ठरल्या दिवशी दाखल्यांचे अर्ज घेऊन तेथे बसू शकतील. कोणता कागद कमी आहे हे अर्जदारास आपल्या दारातच कळेल. यासाठी नवी योजना नको की नवा निधी नको. पुढील महिन्याच्या दौऱ्याचा तक्ता तयार करताना पोडांची नावे आणि वेचणीचे आठवडे समोर ठेवले, तर या हंगामापासूनच ते सुरू होऊ शकते.