परसातील कोंबडी : घरची चिंता, गावाचे काम



दिवस उजाडताच खुराड्याचे दार उघडावयाचे आणि दिवेलागणीस कोंबड्या मोजून ते लावून घ्यावयाचे, हे ग्रामीण महाराष्ट्रातील असंख्य गृहिणींचे नित्याचे काम आहे. शेतकऱ्याची मालमत्ता मोजताना जमीन, विहीर, बैल, गाय यांचा उल्लेख होतो. खुराड्यातील आठ-दहा कोंबड्या सहसा कोणाच्या हिशेबात नसतात. तथापि मीठमिरची, मुलांच्या वह्या, आजाऱ्याचे औषध आणि अवचित आलेल्या पाहुण्याचा पाहुणचार यांचा भार पुष्कळदा याच कोंबड्या उचलतात. अंड्यांचे पैसे बहुधा घरातील स्त्रीच्याच हाती राहतात. ज्या कुटुंबाला गुंठाभर जमीन नाही, त्यालाही हा जोडधंदा करता येतो.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील पाळीव पक्ष्यांची संख्या सुमारे ८५ कोटी १८ लाख इतकी आढळली. त्यांपैकी सुमारे ३१ कोटी ७० लाख पक्षी परसातील होते आणि २०१२ च्या गणनेच्या तुलनेत त्यांच्या संख्येत जवळजवळ ४६ टक्के वाढ झाली होती. मोठमोठे कुक्कुटपालन प्रकल्प उभे राहिले तरी परसातील कोंबडी मागे हटलेली नाही, हेच यावरून स्पष्ट होते.

अंडी थांबतात तेव्हा

कोंबडी अंडी देईनाशी झाली की घरात पहिली शंका येते ती आजाराची किंवा दृष्ट लागल्याची. प्रत्यक्षात याची कारणे बहुधा साधी असतात. गावठी कोंबडी वर्षाला साधारणतः ५० ते ७० अंडी देते. दहा-पंधरा अंडी झाली की ती खुडूक होते. रवणीवर बसविली तर २१ दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात आणि पुढे कित्येक आठवडे ती पिल्लांमागे हिंडते. हा तिचा स्वभावधर्म आहे. जुनी पिसे गळून नवी येत असताना ती अंडी देत नाही. थंडीच्या दिवसांत दिवस लहान झाल्यानेही अंडी कमी होतात. कारण भरपूर अंडी देण्यासाठी कोंबडीला दिवसाकाठी सुमारे १४ तासांहून अधिक प्रकाश लागतो. कधी कधी तर कोंबडी अंडी देतच असते, मात्र खुराड्यात न देता कुंपणाच्या आडोशाला किंवा कडब्याच्या गंजीत देते.

कवचाविना मऊ अंडे पडले तर तो अपशकुन नव्हे. एका अंड्याच्या कवचासाठी कोंबडीच्या शरीरातील सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम खर्ची पडते. नुसत्या कण्या आणि कोंडा खाऊन ही उणीव भरून निघत नाही. शिंपल्यांचा चुरा किंवा अंड्यांची टरफले भाजून, बारीक कुटून वेगळ्या वाडग्यात ठेवली, तर कोंबडी गरजेपुरती खाते.

हैदराबाद येथे विकसित झालेली वनराजा किंवा बंगळूर येथील गिरिराजा यांसारख्या सुधारित जाती परसात राहूनही वर्षाला शंभराहून अधिक अंडी देतात. तथापि त्या सहसा रवणीवर बसत नाहीत. म्हणून खुराड्यात एक-दोन गावठी कोंबड्या असणे केव्हाही हिताचे ठरते.

लक्षणांची ओळख

निरोगी कोंबडीचा तुरा लाल आणि डोळा तेजस्वी असतो. दार उघडताच ती बाहेर झेपावते. जी कोपऱ्यात पिसे फुलवून बसून राहते, तिला त्याच क्षणी वेगळे करावे. पावसाळ्यात लहान पिल्लांच्या विष्ठेत रक्त दिसू लागले तर ती रक्ती हगवण समजावी. ओलसर जागेत ती फैलावते. तिच्यावर औषध मिळते. परंतु जमिनीवरील तूस किंवा भुसा कोरडा ठेवणे हाच तिच्यावरील खरा उपाय होय. तुऱ्यावर व डोळ्यांभोवती खपल्या धरल्या तर तो देवीचा रोग असतो. तो डासांमार्फतही पसरतो आणि त्यावर लस उपलब्ध आहे.

तुरा फिकट पडत असेल आणि कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात शिरण्यास नाखूष असतील, तर फळ्यांच्या फटी तपासाव्यात. तेथे दिवसा दडून बसणारे बारीक किडे रात्री कोंबड्यांचे रक्त शोषतात. खुराड्याला आतून चुना लावणे आणि राख व माती मिसळून कोंबड्यांना लोळण्यासाठी जागा करून देणे, हे उपाय घरच्या घरी होण्यासारखे आहेत.

मानमोडीचा फेरा

वरील सर्व चिंता एका घराच्या आहेत. मानमोडी मात्र संपूर्ण गावाची चिंता आहे. कोंबडी तोंड उघडून धापा टाकते, हिरवट पातळ विष्ठा टाकते, तिचे पाय लुळे पडतात, मान वळते आणि पाहता पाहता खुराडे रिकामे होते. १९२६ मध्ये जावा बेटावर आणि इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे या रोगाची नोंद झाली. त्यानंतर लवकरच तो कुमाऊँमधील राणीखेत येथे आढळला आणि भारतात त्याला तेच नाव पडले. हा विषाणुजन्य रोग असून तो झाल्यावर त्यावर औषध नाही.

गावात ‘मर’ आली की बहुतेक ठिकाणी एकच क्रम दिसतो. पहिली कोंबडी दगावते. उरलेल्या लगबगीने डालग्यात घालून आठवडी बाजारात विकल्या जातात. तेथून घेणाऱ्याच्या घरी कोंबडीबरोबर रोगही पोहोचतो. मेलेली कोंबडी उकिरड्यावर पडते आणि कुत्री ती ओढून दुसऱ्या आळीत नेतात. घरातील स्त्रीने वर्षभर जमविलेले भांडवल आठवड्यात नाहीसे होते आणि त्याला नशीब असे नाव दिले जाते.

एक कुपी, शंभर मात्रा

वस्तुतः या रोगावर खात्रीची लस उपलब्ध आहे. पिल्लू पाच ते सात दिवसांचे असताना लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत टाकतात आणि सहा ते आठ आठवड्यांनी दुसऱ्या लसीचे इंजेक्शन देतात. पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ती पुन्हा द्यावी लागते. मग परसातील कोंबड्या लशीविना का राहतात?

अज्ञान हे त्याचे एकच कारण नाही; त्यामागे एक साधे गणितही आहे. लशीची कुपी सहसा १०० किंवा त्याहून अधिक मात्रांची असते. ती बर्फात ठेवावी लागते आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांची मालकीण दवाखान्यात गेली, तर तिच्यासाठी कुपी फोडल्यास ९२ मात्रा वाया जातात. साहजिकच ती रिकाम्या हाताने परत येते. मोठ्या प्रकल्पाला ही अडचण भासत नाही. लहान घराला मात्र ती ओलांडता येत नाही.

परंतु तशीच दहा-बारा घरे एकत्र आली की तीच कुपी पुरेपूर वापरली जाते. म्हणजेच ही लस एका घराने टोचून घेण्याची नसून आळीने मिळून टोचून घेण्याची आहे. येथेच ग्रामपंचायतीचे काम सुरू होते. पंचायतीने दिवस ठरवावा आणि आदल्या सायंकाळी दवंडी द्यावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून घरोघरच्या कोंबड्यांची व पिल्लांची मोजणी करून घ्यावी. त्यावरून किती कुप्या लागतील ते कळते आणि मुलांना अंकगणिताचा एक जिवंत पाठही मिळतो. पशुधन विभागाच्या अधिकाऱ्यांनी बर्फाच्या पेटीसह पहाटे यावे. खुराड्यांची दारे उघडण्यापूर्वी कोंबड्या सहज हाती लागतात. एकदा त्या परसात पांगल्या की निम्म्या लशीविना राहतात. जेथे पशुसखी काम करीत आहेत, तेथे त्यांची मदत मोलाची ठरेल. लस निरोगी पक्ष्यांनाच द्यावयाची असल्याने मर येण्यापूर्वीच हा दिवस साजरा व्हावयास हवा.

मर लपवू नये

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या त्याच रोगाने दगावल्या. हा रोग आणि मानमोडी यांच्यातील फरक नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. नमुने प्रयोगशाळेतच तपासावे लागतात. म्हणून ‘नेहमीचीच मर आहे’ असे म्हणून स्वस्थ बसणे धोक्याचे आहे. २००९ च्या प्राण्यांमधील सांसर्गिक रोगांविषयीच्या केंद्रीय कायद्यानुसार अशा रोगाची शंका आल्यास मालकाने ग्राम अधिकाऱ्यास किंवा पंचायतीस कळविणे बंधनकारक आहे.

कोंबड्या नष्ट केल्या जातील या भीतीने लोक बातमी दडवितात. ही भीती समजण्यासारखी आहे. परंतु बर्ड फ्लूच्या नियंत्रणासाठी शासनाच्या आदेशाने नष्ट केलेल्या पक्ष्यांबद्दल भरपाईची तरतूद आहे. आधीच मेलेल्या पक्ष्यांसाठी ती नाही. म्हणजे लवकर कळविण्यातच मालकाचाही लाभ आहे, हे सरपंचांनी घरोघर समजावून सांगावे. मेलेल्या कोंबड्यांना उघड्या हातांनी शिवू नये, त्या कापू नयेत, मुलांना दूर ठेवावे आणि तपासणीनंतर त्या चुना टाकून खोल पुराव्यात. आजारी कोंबडी कापून खाणे तर सर्वस्वी टाळावे.

ग्रामसभेच्या कामकाजात रस्ते, दिवे आणि पाणी यांबरोबर ‘कोंबड्यांचे लसीकरण’ ही एक ओळ दर वर्षी लिहिली जावी. त्यासाठी इमारत लागत नाही, मोठा निधी लागत नाही. एक पहाट, एक बर्फाची पेटी आणि दहा-बारा घरांचा मेळ एवढेच लागते. एवढे झाले, तर दिवेलागणीस खुराड्याशी कोंबड्या मोजणाऱ्या गृहिणीचा हिशेब सहसा चुकणार नाही.